दाहशामक पॅच की जेल : मुरगळलेल्या घोट्यासाठी आणि झिजलेल्या गुडघ्यासाठी काय निवडावे?

पायवाट

आमच्या घरात सध्या दोन प्रकारची दुखणी नांदत आहेत. जिना उतरताना माझा घोटा मुरगळून चांगलाच सुजला आहे, आणि आईचा गुडघा झिजेमुळे बऱ्याच वर्षांपासून कुरकुरतो आहे. पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या आईला सोसत नाहीत. डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही बाहेरून लावायचे डायक्लोफेनॅक सुचवले आणि 'जेल किंवा पॅच, जे जमेल ते वापरा' असे सांगून विषय संपवला. माझे मत असे आहे की दोन्हींत औषध एकच असेल, तर पॅच म्हणजे हात न बरबटता लावलेले जेलच. त्यापलीकडे त्यात काही विशेष नसावे. तरीही ज्यांनी दोन्ही वापरले आहेत किंवा ज्यांना या विषयाची माहिती आहे, त्यांनी परिणाम, सोय आणि सुरक्षितता या तिन्ही अंगांनी लिहावे, अशी विनंती आहे.

रिकामटेकडा

पॅचचा एक निर्विवाद फायदा असा की तो चारचौघांना दिसतो, आणि दिसणाऱ्या दुखण्याला घरात जी सहानुभूती मिळते ती जेलच्या वाट्याला कधीच येत नाही.

औषधीबाई

पायवाट, तुलनेला हात घालण्यापूर्वी हातातल्या पाकिटावर नेमके कोणते औषध लिहिले आहे ते वाचावे, कारण वेदनेवरचा प्रत्येक पॅच दाहशामक नसतो. मेंथॉलचा पॅच त्वचेतील थंडी जाणणाऱ्या मज्जातंतूंना चाळवून दुखण्यावरचे लक्ष उडवतो, कॅप्साइसिनचा पॅच उष्णता जाणणाऱ्या तंतूंवर काम करतो, लिडोकेनचा पॅच तेवढा भाग बधिर करतो. यांपैकी कशानेही सूज उतरत नाही. डायक्लोफेनॅक, कीटोप्रोफेन, आयबुप्रोफेन, पिरॉक्सिकॅम, लॉक्सोप्रोफेन ही मात्र खरी दाहशामक औषधे आहेत. दुखावलेल्या पेशींमध्ये प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे सूज आणि वेदना वाढवणारी रसायने, तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ती अडवतात. अॅस्पिरिनच्या जातीची औषधे अशा रीतीने काम करतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

बाहेरून लावायच्या औषधाची खरी अडचण त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर ही असते. औषध तो थर ओलांडून खाली पोहोचले तरच उपयोग होतो. त्यामुळे औषधाचे नाव एकच असले तरी ते कशात कालवले आहे, त्वचेवर किती वेळ टिकते आणि किती क्षेत्रफळावर पसरते, यावर बराचसा परिणाम अवलंबून असतो. 'पॅच म्हणजे हात न बरबटता लावलेले जेल' हे आपले विधान म्हणूनच मला पटत नाही.

ताठकणा

माझा अनुभव जेलच्या बाजूचा नाही. माझ्या गुडघ्यावर मी रोज सकाळी आणि रात्री नियमाने जेल लावतो, ३० ग्रॅमची ट्यूब मला महिनाभर आरामात पुरते, आणि दुखणे मात्र होते तिथेच आहे. क्षणभर गार वाटते, एवढाच काय तो लाभ. त्या मानाने पॅच लावल्यावर निदान रात्रभर काहीतरी चालू आहे असे वाटते. जेल ही केवळ मनाची समजूत आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मोजपट्टी

ताठकणा, आपल्या मजकुरातच आपल्या तक्रारीचे उत्तर दडलेले आहे. १ टक्का डायक्लोफेनॅक जेलचे अमेरिकेतील माहितीपत्रक गुडघ्यासाठी एका वेळी ४ ग्रॅम आणि दिवसातून ४ वेळा, असे प्रमाण सांगते. म्हणजे एका गुडघ्याला दिवसाला १६ ग्रॅम जेल लागते, आणि त्या हिशेबाने ३० ग्रॅमची ट्यूब दोन दिवससुद्धा पुरत नाही. ती महिनाभर पुरवायची तर रोज जेमतेम १ ग्रॅम वापरले जाते, म्हणजे शिफारस केलेल्या प्रमाणाचा सोळावा हिस्सा. त्या जेलसोबत मोजमापाची एक पारदर्शक पट्टी येते. तिच्यावर ४ ग्रॅमची खूण सुमारे साडेअकरा सेंटीमीटर लांब असते, आणि ट्यूबमधून तेवढी लांब रेघ पिळून तिच्यावर काढायची असते. हाताच्या कोपराला, मनगटाला किंवा बोटांना याच्या निम्मे, म्हणजे एका वेळी २ ग्रॅम पुरतात. आपल्यापैकी बहुतेक जण वाटाण्याएवढा ठिपका घेतात आणि तोच गुडघाभर पसरवतात.

क्षणभर वाटणारा गारवा हा जेलमधील मद्यार्क उडून गेल्याचा परिणाम असतो. त्याचा दाह कमी होण्याशी काहीही संबंध नसतो. गुडघ्याच्या झिजेवर जेलचा खरा परिणाम जाणवायला आठवडाभरसुद्धा लागू शकतो, असे माहितीपत्रकातच म्हटलेले असते.

ताठकणा

दिवसातून चार वेळा साडेअकरा सेंटीमीटरची रेघ काढणारा मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही. जे प्रमाण माणसाला पाळता येत नाही, ते कागदावर कितीही शास्त्रशुद्ध असले तरी व्यवहारात त्याचा काय उपयोग? माझ्या मते हाच पॅचच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा आहे. पॅचमध्ये मोजायला काही नसते, त्यामुळे कमी लावण्याची सोयही नसते.

मोजपट्टी

हा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. त्यावर जेलच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की २.३२ टक्क्यांचे जेलही काही देशांत मिळते, आणि ते सकाळ-संध्याकाळ असे दोनदाच लावायचे असते. म्हणून ट्यूबवरची टक्केवारी न पाहता 'अमुक वेळा लावा' असा सल्ला कोणी दिला, तर तो अर्धवट समजावा.

हातगुण

मी भौतिकोपचाराच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे शरीराच्या कोणत्या भागावर काय टिकते, एवढ्यापुरतेच लिहिते.

डायक्लोफेनॅकचा नेहमी वापरला जाणारा पॅच साधारण १० सेंटीमीटर रुंद आणि १४ सेंटीमीटर लांब असतो. पोटरी, मांडी, पाठीचा वरचा भाग अशा सपाट आणि कमी वाकणाऱ्या जागी तो छान बसतो. घोट्याचे हाड मात्र बाहेर आलेले असते आणि त्याच्या मागे खळगा असतो, त्यामुळे पॅचचा मधला भाग हाडावर ताणला जातो आणि कडा खळग्यावर अधांतरी राहतात. त्यात पायमोजा चढवताना कोपरा दुमडला की तासाभरात अर्धा पॅच मोज्याला चिकटलेला सापडतो. यावर उपाय असा की पाऊल काटकोनात धरून पॅच लावावा, आधी मधला भाग तळहाताने दाबून मग कडांकडे हात न्यावा, आणि वरून जाळीदार सैल नळी चढवावी. तिच्यातून हवा खेळती राहते आणि पॅचही जागचा हलत नाही. त्वचा कोरडी हवी. तेल, मलम किंवा घाम असेल तर पॅच धरत नाही. केसाळ पायावरून पॅच ओढून काढण्याचा प्रसंग ज्याने भोगला आहे, त्याला या बाबतीत अधिक काही सांगण्याची गरज नाही.

गुडघ्यावर अडचण वेगळी असते. बसता-उठता गुडघ्याची त्वचा इतकी ताणली आणि आक्रसली जाते की वाटीवर लावलेला पॅच दुपारपर्यंत सुरकुततो. हाताच्या बोटांच्या सांध्यांवर तर पॅचचा विचारच करू नये. तिथे जेलला पर्याय नाही. पॅच कापून लहान करण्याचा मोह अनेकांना होतो, पण माहितीपत्रकात तशी स्पष्ट मुभा दिलेली नसेल तर पॅच कापू नये.

अचूक

माहितीपत्रकांतील आकडे मांडून पाहतो. १.३ टक्क्यांच्या पॅचमध्ये १८० मिलिग्रॅम औषध असते आणि दिवसाला दोन पॅच लावायचे असतात, म्हणजे एकूण ३६० मिलिग्रॅम झाले. १६ ग्रॅम जेलमध्ये मात्र १६० मिलिग्रॅमच औषध असते. याचा सरळ अर्थ असा की पॅच जेलच्या दुपटीहून अधिक जोरकस आहे. मग वादाला जागा कुठे उरते?

औषधीबाई

अचूक, वाद तिथूनच सुरू होतो. पॅचमधले औषध हे टाकीतले पाणी आहे आणि त्वचा ही तिची बारीक तोटी. टाकी दुप्पट मोठी केली म्हणून तोटीतून दुप्पट पाणी येत नाही. बारा तासांनी आपण पॅच काढून टाकतो, तेव्हा त्यातले बहुतांश औषध तसेच शिल्लक असते.

रक्तात किती औषध पोहोचते, हे मोजलेले आहे. एका गुडघ्याला पूर्ण प्रमाणात जेल लावले, तर गोळ्यांच्या नेहमीच्या मात्रेच्या तुलनेत सुमारे ६ टक्के औषध रक्तात जाते. पॅच सलग चार दिवस लावूनही रक्तातले प्रमाण ५० मिलिग्रॅमच्या एका गोळीच्या तुलनेत १ टक्क्याहून कमी आढळले आहे. हे दोन आकडे वेगवेगळ्या मोजणीतले आहेत, तेव्हा त्यांची थेट वजाबाकी करू नये. पण पॅचमध्ये औषध अधिक म्हणून शरीरात अधिक जाते, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही एवढे नक्की. शिवाय आपल्याला औषध रक्तात नको आहे, ते दुखावलेल्या जागी हवे आहे; रक्तातले प्रमाण कमी असणे हीच तर बाहेरून लावण्यामागची मूळ कल्पना आहे. पायवाट यांच्या आईंच्या पोटाला जेल सोसण्याची शक्यता अधिक आहे, ती यामुळेच.

संशयात्मा

चर्चा रंगली आहे, पण परिणामाचा पुरावा अजून कोणी मांडला नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये बाहेरून लावायच्या वेदनाशामकांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. लचक, मुका मार अशा ताज्या दुखण्यात डायक्लोफेनॅकच्या इमल्जेल प्रकारच्या जेलने १०० पैकी ७८ जणांना चांगला आराम पडला, तर औषधाविना नुसतेच जेल लावलेल्यांपैकी २० जणांना. पॅचचे दोन गट केलेले होते. एका विशिष्ट पॅचचे प्रमाण ६३ विरुद्ध ४१ असे होते, आणि इतर डायक्लोफेनॅक पॅचचे ८८ विरुद्ध ५७ असे.

आता यातली गंमत पाहा. केवळ पहिला आकडा पाहिला तर ८८ वाला पॅच जिंकतो. पण औषध नसलेल्या कोऱ्या पॅचनेसुद्धा १०० पैकी ५७ जणांना आराम पडला आहे! खऱ्या औषधाची भर मोजायची तर जेलच्या बाजूला ती ५८ येते आणि पॅचच्या बाजूला ३१ किंवा २२. तरीही मी जेलला विजयी घोषित करणार नाही, कारण या चाचण्या वेगवेगळ्या लोकांवर आणि वेगवेगळ्या दुखण्यांवर झालेल्या आहेत, आणि पॅच व जेल एकमेकांसमोर उभे करून घेतलेल्या चाचण्या फार थोड्या आहेत.

ताठकणा

म्हणजे कोरा पॅच चिकटवूनही निम्म्याहून अधिक लोक बरे होत असतील, तर औषधाचा खटाटोप हवाच कशाला?

संशयात्मा

मुरगळलेला घोटा काहीही न करता आठवडाभरात बराचसा सुधारतो, हे एक कारण. दुसरे असे की चिकटलेला पॅच त्वचेला सतत स्पर्श करत राहतो, थोडा गारवा देतो आणि 'इथे जपून' अशी आठवण करून देतो. तो लावलेला मनुष्य त्या पायावर आपोआप कमी भार टाकतो. हे परिणाम मला तुच्छ वाटत नाहीत, पण त्यांचे श्रेय डायक्लोफेनॅकला देता येत नाही.

जुन्या झिजेच्या दुखण्यात चित्र बरेच फिके आहे, हेही पायवाट यांनी लक्षात घ्यावे. सहा ते बारा आठवडे डायक्लोफेनॅक लावलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांना चांगला आराम पडला, आणि औषधाविना लावलेल्यांपैकी सुमारे ५० टक्के लोकांना. म्हणजे दहा जणांनी वापरले तर त्यातल्या साधारण एकाला औषधामुळे म्हणून फायदा होतो. तो एक जण आपली आई असेल तर उत्तमच, पण अपेक्षा बेताची ठेवावी.

सांजसावली

परिणामाचे राहू द्या, त्वचेचे काय? मला पॅच काढल्यावर नेमक्या त्याच्याच आकाराचा लाल चौकोन उमटतो आणि दोन दिवस खाज सुटते. जेलने असे कधी झाले नाही. हे औषधामुळे होते की डिंकामुळे?

औषधीबाई

दोन्ही शक्य आहे, पण त्याच औषधाच्या जेलने आपल्याला त्रास होत नसेल, तर संशयाची सुई चिकटद्रव्याकडे अधिक वळते. पुढचा पॅच त्याच जागी लावू नये, आणि फोड किंवा पसरणारे पुरळ आले तर तो प्रकारच बंद करून डॉक्टरांना दाखवावे. कीटोप्रोफेन वापरणाऱ्यांनी तर विशेष सावध राहावे, कारण ते लावलेल्या त्वचेवर ऊन पडले की तीव्र प्रतिक्रिया उमटू शकते. यासाठी युरोपीय औषध नियामकांनी २०१० मध्ये त्याचा स्वतंत्र आढावा घेतला होता. वापर चालू असताना आणि थांबवल्यानंतरही दोन आठवडे ती जागा उन्हापासून झाकून ठेवायची असते. जेल धुऊन टाकले किंवा पॅच काढला म्हणजे काम संपले, असे नसते.

अवखळ

मी पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवते. दुप्पट आराम वाटतो. हे सर्वांनी करून पाहावे.

औषधीबाई

अवखळ, कृपया हे कोणीही करून पाहू नये. उष्णतेने त्वचेतील रक्तप्रवाह वाढतो आणि औषध अपेक्षेपेक्षा अधिक वेगाने आत शिरते. शिवाय त्वचा भाजण्याचा धोका असतो. मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट असलेल्या मलमांनी आणि पॅचनी त्वचा भाजल्याच्या घटनांवरून एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये जाहीर इशारा दिला होता. शेक घ्यायचाच असेल तर पॅच काढून, त्वचा पुसून, काही वेळाने घ्यावा. जेलवर प्लास्टिक गुंडाळण्याचा प्रकारही याच कारणासाठी वर्ज्य आहे.

रिकामटेकडा

आमचे मांजर रोज संध्याकाळी माझ्या जेल लावलेल्या गुडघ्यावर येऊन झोपते. त्यालाही सांधेदुखी असावी, असा माझा कयास आहे.

औषधीबाई

आपण विनोदाने लिहिले असले तरी हे थांबवा. फ्लर्बिप्रोफेन हे याच कुळातील औषध माणसांनी अंगाला लावले आणि त्यांच्या घरातील मांजरे आजारी पडून दगावली, अशा घटनांवरून एफडीएने २०१५ मध्ये इशारा दिलेला आहे. मांजर अंग चाटते आणि ही औषधे पचवण्याची त्याची क्षमता फार कमी असते. काढलेल्या पॅचमध्ये भरपूर औषध उरते, हे वर आलेच आहे. म्हणून तो चिकट बाजू आत घेऊन दुमडावा आणि लहान मुले किंवा प्राणी पोहोचणार नाहीत अशा कचरापेटीत टाकावा. जेल लावल्यावर हात आधी कागदाने पुसून मग धुवावेत. हाताच्या बोटांनाच जेल लावले असेल तर मात्र निदान तासभर हात धुऊ नयेत.

रिकामटेकडा

मांजराला आजपासून डाव्या, न दुखणाऱ्या गुडघ्यावर जागा देण्यात आली आहे. त्याने लेखी निषेध नोंदवला आहे.

आडवळण

माझ्या खुब्याच्या सांध्यात दुखते. तिथे पॅच चांगला बसतो, कारण जागा सपाट आहे. तिथे लावावा का?

हातगुण

पॅच बसेल, पण औषध तिथवर पोहोचेल असे वाटत नाही. खुब्याचा सांधा स्नायूंच्या जाड थराखाली खोलवर असतो. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्यासाठी बाहेरून लावायच्या दाहशामकांची ठाम शिफारस आहे आणि हातासाठी सौम्य. खुब्यासाठी मात्र याच खोलीमुळे त्यांचा फारसा उपयोग होण्याची शक्यता नाही, असे म्हटलेले आहे. त्वचेपासून सांधा जितका जवळ, तितकी या औषधांकडून आशा ठेवावी.

पायवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अजून दोन शंका आहेत. आई हृदयासाठी रोज अॅस्पिरिनची लहान गोळी घेते. तिला हे चालेल का? आणि पॅच व जेल दोन्ही एकदम वापरले तर?

औषधीबाई

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. एकाच जागी दोन्ही लावू नये, आणि सोबत त्याच जातीची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. रक्तातले प्रमाण कमी असले तरी शून्य नसते. आईंच्या बाबतीत अॅस्पिरिन चालू असल्याचे डॉक्टरांना मुद्दाम सांगा. रक्त पातळ करणारी औषधे, मूत्रपिंडाचा विकार, जठरातील व्रणाचा इतिहास किंवा अॅस्पिरिनने उसळणारा दमा असेल, तर जेलसुद्धा विचारूनच वापरावे. गरोदरपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ही औषधे टाळावीत.

मोजपट्टी

मूळ प्रश्नाकडे वळतो. अमेरिकेत १.३ टक्क्यांच्या पॅचला मान्यता आहे ती लचक आणि मुका मार यांसारख्या ताज्या दुखण्यासाठी, तर १ टक्का जेल २०२० पासून चिठ्ठीविना मिळू लागले ते सांध्यांच्या झिजेच्या दुखण्यासाठी. कागदावरचे उत्तर त्यामुळे सरळ आहे : पायवाट यांच्या घोट्याला पॅच आणि आईंच्या गुडघ्याला जेल.

संशयात्मा

कागदावरचे उत्तर मान्यतेसाठी कंपनीने कोणत्या दुखण्यावर चाचण्या घेतल्या, त्यावरून ठरते. वर दिलेल्या आकड्यांत लचकेवर सर्वांत उठून दिसते ते जेलच. त्यामुळे घोट्यावर पॅच टिकत नसेल, तर पायवाट यांनी पुरेशा प्रमाणात जेल लावण्यात काहीही गैर नाही. घोट्यावर अजिबात भार टाकता येत नसेल किंवा हाडावर दाबल्यास कळ येत असेल, तर मात्र आधी एक्स-रे काढावा.

पायवाट

घोट्यावर भार टाकता येतो. मी दिवसा जेल लावणार आहे आणि आईसाठी दोनदा लावायच्या जेलबद्दल डॉक्टरांना विचारणार आहे, कारण दुपारची वेळ ती हमखास चुकवते. तिचा आग्रह आहे की जेल लावून लगेच वरून गुडघ्याचा घट्ट पट्टा चढवावा.

हातगुण

जेल लावल्यावर निदान दहा मिनिटे गुडघा उघडा ठेवून वाळू द्यावा, आणि पट्टा रबरी, हवा कोंडणारा असेल तर तो जेलवर चढवूच नये. चालण्यासाठी पट्टा लागत असेल तर तो आधी वापरून घ्यावा, आणि घरी येऊन पट्टा काढल्यावर, त्वचेवरचा घाम पुसून मग जेल लावावे.